ब्वांबालेच्या मागून आलेला

तो दारात उभा राहिला आणि वाटाड्यांच्या संघाच्या कचेरीतले सगळे गडी खिडकीतून बाहेर पडले.

अगदी खरं. हत्तीसमोर श्वास रोखून उभे राहणारे, पाठीवर वीस किलो घेऊन बर्फापर्यंत जाणारे पाच धिप्पाड हमाल. एकाने तर चहाचा मगही सोबत नेला. आत उरली ती एकटी काबुघो. टेबलामागे, एका हातात पेन, दुसऱ्या हातात लाकडी पट्टी.

"मी... चुकीच्या वेळी आलो का?" पाहुण्याने विचारलं. पावसाने तो नखशिखान्त भिजला होता.

"हलू नका."

"का?"

"तुमच्या डाव्या खांद्यावर कुणीतरी बसलंय."

त्याने मान वळवली. खांद्यावर टीचभर लांबीचा हिरवा सरडा होता. नाकावर तीन शिंगं, एक डोळा त्याच्याकडे, दुसरा काबुघोकडे. वाटेत कॉफीच्या झाडाखाली थांबला असेल, तेव्हा चढला असणार. काबुघो उठली. तिने पट्टी सरड्याच्या पुढ्यात धरली. सरड्याने एक पाय उचलला, विचार केला, ठेवला... मग दुसरा. पाहुण्याचा श्वास तिच्या मनगटाला लागत होता. शेवटी स्वारी पट्टीवर आली आणि तिने ती दाराबाहेरच्या झुडपावर नेऊन अलगद सोडली.

"सात वेळा हात धू, पोरी!" खिडकीबाहेरून म्बुसाकाका ओरडले. संघाचे प्रमुख, आयुष्य डोंगरावर काढलेलं. पण सरडा दिसला की त्यांचंही पोर व्हायचं.

"आमच्या जिंजाला, सरोवराकाठी, माझ्या खांद्यावर फार तर बगळा बसतो," पाहुणा म्हणाला. "माणसं पळत नाहीत."

"इथंही माणसं पाहून कुणी पळत नाही. सरडा घरात आला की अपशकुन."

"मग तुम्ही का नाही पळालात?"

"टेबल आडवं होतं," काबुघो म्हणाली आणि वही उघडली.

तो हसला. भुवयांवरून पाणी गळत होतं आणि तो हसत होता. काबुघोने वहीत डोकं घातलं.

त्याचं नाव मासेरेका. मोठ्या सरोवरावरच्या फेरीबोटीचं इंजिन सांभाळायचं काम. बोली इथल्याच लोकांची, कोन्झो, पण तोडकीमोडकी, जिंजाकडची ढब असलेली, प्रत्येक वाक्याला शेवटी गिरकी घेणारी. त्याला डोंगरावरच्या राखीव उद्यानाची भेट ठरवायची होती.

"किती माणसं?"

"दोन. मी आणि माझी आई. आई आठवड्याने बसने येतेय. मी पुढे आलोय, सगळं नीट ठरवायला."

"आईंचं वय?"

"सत्तर. ती अडुसष्ट सांगते."

"कुठपर्यंत जायचंय? काळीपांढरी माकडं बघायची असतील तर सकाळी लवकर निघा, ऊन फांद्यांवर आलं की ती आत जातात. बांबूला कोंब फुटलेत, म्हणजे हत्ती उतरलेत. दुपारनंतर बांबूत थांबायचं नाही. लाल पंखांचा तुराको पक्षी बघायचा तर—"

"तिला काही बघायचं नाहीये," तो म्हणाला. "नदीवरच्या पहिल्या पुलाच्या वर, बांबू सुरू होतो तिथे एक मोठं झाड आहे म्हणते. तिथपर्यंत जायचंय. का, ते सांगत नाही."

काबुघोने पेन थांबवलं. वर मोठी झाडं हजारांनी होती. पण तिने फक्त लिहिलं : पूल, बांबू, झाड. "चार माणसांची डोली लागेल. आणि माणशी दोन ब्लँकेटं."

"एका दिवसाला? सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचंय."

"माणशी दोन. नाहीतर मी नाव लिहीत नाही."

"तिच्याशी वाद घालू नकोस बाबा," आता आत येण्याचं धाडस केलेले म्बुसाकाका म्हणाले. "गेली चार वर्षं ती..." आणि पुढचं त्यांनी गिळून टाकलं.

मासेरेका दुसऱ्या दिवशी आला. डोलीऐवजी खुर्ची चालेल का, हे विचारायला. तिसऱ्या दिवशी आला. आईला गुडघ्याचं दुखणं आहे हे सांगायचं राहिलं होतं. चौथ्या दिवशी सांगायचं काहीच उरलं नव्हतं, तरी आला. अंगणातलं कॉफीची फळं सोलायचं यंत्र दोन महिने बंद पडून होतं. त्याने विचारलं नाही की काही नाही, बाह्या सरसावल्या आणि तिथेच मांडी घातली. दुपारभर कचेरीत कुठल्या तरी पान्याचा आवाज येत राहिला... आणि काबुघोने एकाच पानावर तीनदा बेरीज चुकवली.

"पान फाटलं की खोडून खोडून," तो दारातून डोकावून म्हणाला. हात कोपरापर्यंत काळे.

"तुम्ही रोज बेत बदलता म्हणून."

"मी बेत बदलतो ते ठीक. पण तुम्ही रोज खोडता का? पहिल्याच दिवशी म्हणायचं, आता बदल होणार नाही. दुसरं कुणी असतं तर म्हणाला असतात ना?"

तिने चौथ्यांदा बेरीज करायला घेतली. उत्तर होतं, पण ते बोलण्यासारखं नव्हतं.

यंत्र सुरू झालं. हमालांनी टाळ्या पिटल्या. काबुघोने कसाव्याचा उंडा आणि घेवड्याची आमटी वाढली, तो ओट्यावर तिच्यापासून हातभर अंतरावर बसला. गप्पांच्या ओघात म्हणाला, "आई म्हणते मी लाडावलेला. धाकटा ना. आम्ही दोघंच भाऊ. बालुकू आणि मी."

"आणि ब्वांबाले?" काबुघोने विचारलं.

अगदी सहज विचारलं. कुणी सोमवार, बुधवार म्हटलं तर आपण मंगळवार विचारू ना, तसं.

"कोण ब्वांबाले?"

घास तिच्या हातातच राहिला. आता शब्द मागे घेता येणार नव्हता.

"तुमच्या घरी... कुणी सांगितलं नाही का?" ती सावकाश म्हणाली. "आपल्यात नावं ठेवत नाहीत, मोजतात. आईचा पहिला मुलगा बालुकू. दुसरा ब्वांबाले. तिसरा मासेरेका. मुलींचंही तसंच. मी काबुघो, म्हणजे तिसरी. घरात बघाल तर मोठी मीच. पण माझ्याआधी मासिका आणि बिरा येऊन गेल्या. एक नऊ दिवस होती, एक दोन वर्षं. गेलेलं माणूस मोजणीतून जात नाही."

मासेरेकाने ताट खाली ठेवलं. ओठ हलत होते. बालुकू... मासेरेका. एकतीस वर्षं त्याला वाटत होतं, ही नुसती नावं आहेत.

"म्हणजे मी दुसरा नाही," तो म्हणाला.

"मला माफ करा. हे तुमच्या आईंनी सांगायचं होतं."

तो उठला. पाऊस नव्हता, तरी त्याने कॉलर वर केली आणि रस्त्याला लागला. तो नजरेआड झाल्यावर काबुघोच्या ध्यानात आलं, की चार वर्षांत पहिल्यांदा ते नाव तिच्या तोंडून निघालं होतं. दुसऱ्याच्या घरातल्या ब्वांबालेसाठी का होईना, पण निघालं होतं.

आई आल्या त्या शनिवारी, भाड्याच्या मोटरसायकलवर, बोडावर, मागे बसून, एका हाताने छत्री धरून. उतरताक्षणी चालवणाऱ्याला म्हणाल्या, "इतकं हळू तर माझी सासू चालायची." लहानखुऱ्या, वाळलेल्या मिरचीसारख्या. कचेरीत येऊन त्यांनी काबुघोला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"मोजणारी पोरगी तूच का?"

काबुघोची मान खाली गेली. "आई, माझं चुकलं."

"चुकायचं काय त्यात? हा ठोंब्या एकतीस वर्षांचा होईपर्यंत दोन बोटं मोजू शकला नाही, ते चुकलं." त्या खुर्चीवर टेकल्या. मासेरेका दाराला टेकून उभा होता. डोळे सुजलेले. मायलेकांचं फोनवर बोलणं झालेलं दिसत होतं, पण आई पुन्हा बोलू लागल्या. एकदा उघडलेलं दार त्यांना आता लोटून घ्यायचं नव्हतं.

बंडाची, जाळपोळीची वर्षं होती. वाड्या पेटल्या तसे लोक डोंगरात पळाले. त्यांनी बालुकूला हाताशी धरलं होतं, ब्वांबालेला पाठीशी बांधलं होतं. आठ महिन्यांचा. दोन रात्री पावसात चालल्या. तिसऱ्या पहाटे पुलाच्या वर पोचल्यावर पाठ जड लागली.

"जिवंत पोर पाठीवर हलतं ना गं, म्हणून हलकं लागतं," त्या म्हणाल्या. "मला कळलंच नाही, किती वेळ नुसतं वजन वाहत होते. गड्यांनी काढून घेतला आणि झाडाखाली नेला. मला म्हणाले, तू इथंच बस, तुझं काम नाही. मी बसले. आजवर बसलेलीच आहे."

"मला का नाही सांगितलंस?" मासेरेकाने विचारलं. रागाने नाही... थकल्यासारखं.

"रोज तर सांगत होते. मासेरेका म्हणून हाक मारायचे, तेव्हा दर वेळी मनात आधी त्यालाच हाक जायची, मग तुला. तुला तेवढं ऐकू येत नव्हतं."

 मग आईंनी पदराने, म्हणजे खांद्यावरच्या कापडाच्या टोकाने, नाक पुसलं आणि वहीवर बोट ठेवलं. "हे डोलीचं काय लिहिलंय? काट मारून टाक. मेल्यावर न्या उचलून. मी चालत जाणार. आणि ही पोरगी सोबत येईल."

"मी?" काबुघो दचकली. "मी वाटाडी नाही. मी फक्त बेत ठरवते."

"तेव्हा सगळे बापयेच होते भोवती. या वेळी मला बाईमाणूस पाहिजे जवळ."

"मी उद्यानाच्या गेटच्या आत जात नाही, आई."

"का?"

काबुघोने वही मिटली. "म्बुसाकाकांची सून येईल. चांगली आहे. मी सांगते तिला."

संध्याकाळी अंगणात चटयांवर कॉफी वाळत होती आणि काबुघो ती हाताने पसरत होती. मासेरेका आला. न विचारता दुसऱ्या टोकाला बसला आणि तोही पसरू लागला.

"उद्या उजाडताच निघतोय," तो म्हणाला.

"माहीत आहे. मीच लिहिलंय."

"गेटच्या आत का जात नाही?"

ती बिया चाळवता चाळवता बोलू लागली.  चटईकडे बघत, जणू बियांनाच सांगत होती.

"इथला एक हमाल होता. त्याची माणसं आमच्या घरी लग्नाची बोलणी करायला येणार होती. वरच्या खेपेला त्याची पाळी पुढच्या आठवड्याला होती. मला म्हणाला, आधी घाल ना, म्हणजे बोलणी असतील त्या दिवशी मी घरी असेन. पाळी कुणाची ते मी ठरवते. मी दुसऱ्याचं नाव खोडलं... त्याचं लिहिलं. वर गारा पडल्या. एक पाहुणा गारठला, याने स्वतःचं ब्लँकेट त्याला दिलं. माणशी एकच असायचं तेव्हा." तिने एक वाईट बी उचलून बाजूला टाकली. "त्याला डोलीतून आणला, तोंड झाकून. मी गेटपाशी उभी होते. तेव्हापासून तिथपर्यंतच जाते."

"त्याचं नाव?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. सांगायची गरज नव्हती, त्यालाच कळलं. त्या खोऱ्यात घरटी एक असतो.

"ब्वांबाले," तो हळूच म्हणाला.

तिने मान हलवली. मासेरेका बिया पसरत म्हणाला, "आमची बोट मध्येच बंद पडली की मालक पहिला प्रश्न विचारतो, इंजिनला शेवटचा हात कुणी लावला? बारा वर्षं करतोय हे काम. शेवटचा हात लावणाऱ्याचा दोष मला क्वचित दिसलाय. पण झोप मात्र त्याचीच उडते."

काबुघोच्या डोळ्यांत पाणी आलं. पहिल्यांदाच कुणी, तुझा दोष नाही गं, असं न म्हणता बोललं होतं. सगळे तसं म्हणायचे आणि तिला ते कधी पटायचं नाही.

"एक बोलू?" तो म्हणाला. "वेळ बरी नाही. पण परवा माझी बस आहे, म्हणजे दुसरी वेळ मिळायची नाही."

"बोला."

"मी रोज बेत बदलायला येत नव्हतो."

"ते हमालांनाही कळलं होतं."

"तुम्हाला?"

"मला पहिल्या दिवशीच. पण मी खोडत राहिले."

तो किंचित हसला आणि गंभीर झाला. "तुमच्या मनात कुणी आहे, आणि राहील. मला ते चालतं का, असं लोक विचारतील. मी काय सांगू? ब्वांबालेच्या मागून येतो तोच मासेरेका. तुम्हीच शिकवलंत ना? त्याला पुसलं तर माझं नावच चुकेल. मला पहिला व्हायचं नाहीये, काबुघो. मला फक्त... मोजणीत घ्या."

वाऱ्याची एक गार झुळूक चटयांवरून गेली. काबुघोला बोलायचं होतं. हे सुख आहे की भीती, तिचं तिलाच कळेना.

"पाऊस येतोय," ती उठत म्हणाली. "कॉफी उचलायला हवी."

दोघांनी मिळून चटया गुंडाळल्या. एकाच चटईची दोन टोकं धरून चालताना त्यांची पावलं बरोबर पडत होती. ओसरीत पोचल्यावर त्याने टोक तिच्या हातात दिलं आणि उत्तर न मागता निघून गेला.

पहाटे ती गेटपाशी गेली ती फक्त सामान तपासायला. आठ ब्लँकेटं, दोरी, चहाचा थर्मास, वाटाडे म्हणून स्वतः म्बुसाकाका. म्हातारपणी पुन्हा पायात बूट चढवून. त्यांची सून कुठे दिसेना.

"रात्री पाय मुरगळला तिचा," म्बुसाकाका आभाळाकडे बघत म्हणाले. त्यांना खोटं बोलायची सवय नव्हती.

आई गेटच्या पलीकडे जाऊन उभ्या होत्या. एका हातात काठी, दुसऱ्या हातात एक गाठोडं. वर बाळाला बांधायचं कापड, विटलेलं, मध्ये लोकरीचा छोटा अंगरखा आणि नाचणीच्या पिठाची पुरचुंडी.

"पोरी, इकडे ये," त्या म्हणाल्या. "काठी धरू की हे धरू? माझ्या पाठीला आता नाही पेलवत. तुझ्या पाठीला बांधते, वाक जरा."

काबुघो वाकली. आईंनी गाठोडं तिच्या पाठीवर ठेवलं, कापडाची टोकं काखेखालून पुढे घेतली आणि छातीवर गाठ मारली. बायका बाळ बांधतात तशीच, एक ओढ जास्त देऊन. "सैल नाही ना?" त्यांनी विचारलं. बोटं गाठीवरून निघत नव्हती.

"नाही, आई."

"मग चल."

आणि काबुघो चालू लागली. दहा पावलं गेल्यावर तिने मागे पाहिलं. गेट मागे राहिलं होतं. पायाखालची जमीन तशीच होती, ओली, काळी, पानांनी भरलेली. तिने छातीवरची गाठ घट्ट धरली. मासेरेका जवळ आला, पण त्याने हात धरला नाही. तो नुसता बाजूने चालत राहिला, ती पडली तर हात पोचेल एवढ्या अंतरावर.

चढाला आईंनी सगळ्यांना दमवलं. दर शंभर पावलांना बसायच्या, आणि बसल्या की कुणाला तरी टोमणा मारायच्या. झाडांवरून काळीपांढरी माकडं खाली बघत होती. त्यांच्या शेपट्या धुक्यात लोंबत होत्या. एकदा म्बुसाकाकांनी हात वर केला, सगळे थबकले. वाटेवर हत्तीची लीद होती, अजून वाफ निघत असलेली. पाव तास कुणी हललं नाही.  तेवढ्यातही काबुघोच्या ध्यानात आलं, की मासेरेका तिच्या आणि बांबूच्या मध्ये येऊन उभा राहिलाय.

पुलाच्या वर पोचले तेव्हा दुपार व्हायची होती. आई थांबल्या. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. चार पावलं डावीकडे गेल्या, परत आल्या. सगळीकडे झाडं होती. प्रत्येकावर शेवाळाच्या जटा, प्रत्येक मोठं.

"सगळीच मोठी झालीत," त्या म्हणाल्या. आवाज पहिल्यांदाच लहान झाला होता. "तेव्हा एकच मोठं होतं."

 मासेरेका पुढे झाला, पण आईंनी त्याला काठीने थांबवलं. मग तोंडाशी हात नेऊन त्यांनी हाक मारली.

"ब्वांबाले!"

रडून नाही. जेवायची वेळ झाली, कुठे उंडारतोयस, अशी. डोंगरावर मोठ्याने ओरडू नये, आतला मालक, डोंगराचा देव, जागा होतो, असं त्या वाडीतला प्रत्येक जण लहानपणापासून ऐकत आलेला. म्बुसाकाकांनी टोपी काढली, पण आईंना अडवलं नाही.

"ए ब्वांबाले!"

हाक धुक्यात गेली आणि परत आली नाही. काबुघोला वाटलं, आपल्या छातीवरची गाठ कुणी तरी ओढतंय. चार वर्षं ते नाव तिने दातांच्या मागे धरून ठेवलं होतं. इथे एक म्हातारी ते नाव मोकळ्या गळ्याने हवेत सोडत होती, आणि डोंगर कोसळला नव्हता.

"ब्वांबाले..." ती म्हणाली.

पुटपुटलीच. पण आईंनी मान वळवली. काबुघोच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्यांना सगळं समजलं. कुणाचा, कधी, ते विचारलंच नाही.

"तुझाही वरच राहिला का?"

"हो."

"मग मोठ्याने हाक मार की. मी दोनदा मारली. तू एकदाच, तीही चोरून?"

काबुघोने श्वास घेतला. आणि तिने हाक मारली. घसा फाटेपर्यंत, चार वर्षांची एक हाक. माकडं गप्प झाली. कुठे तरी वर एक पक्षी उडाला, लाल पंख एकदाच उघडून झाडीत मिटला. ती रडत होती. आईंनी तिचं डोकं खांद्यावर घेतलं नाही, नुसता तिच्या पाठीवरच्या गाठोड्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"आता झाड तू सांग," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या. "रोज लोकांना वाटा ठरवून देतेस. मला एक ठरवून दे."

काबुघोने डोळे पुसले. हळूहळू फिरून पाहिलं. मग पाण्याचा आवाज येत होता पण पाणी पोचणार नव्हतं, अशा जागेवरच्या झाडाला हात लावला. "हे."

"हेच," आई म्हणाल्या, जणू त्यांना आधीपासून माहीत होतं. त्यांनी गाठ सोडली. गाठोडं उतरवून घेतलं. "तुम्ही दोघं जा जरा तिकडे. मायलेकरांचं बोलणं आहे."

दोघं खडकापाशी जाऊन उभे राहिले. मासेरेका थंडीने कुडकुडत होता, सरोवराकाठचा माणूस. ब्लँकेटं म्बुसाकाकांजवळ राहिली होती, ती आणायला तो हलायला तयार नव्हता.

"काल तुम्ही काही तरी विचारलं होतं," काबुघो म्हणाली.

"पाऊस येत होता."

"आता नाहीये."

 तो, बोललं तर मोडेल असं काही तरी हातात धरल्यासारखा, उभा राहिला.

"तुमचं नाव मी आजच्या यादीत लिहिलं तेव्हा हात कापत होता," ती म्हणाली. "यापुढे मी ते एकटं कधीच लिहिणार नाही. जिथे लिहीन तिथे शेजारी माझं लिहीन. डोंगरावर जायचं असेल तरी... सरोवरावर जायचं असेल तरी."

"इंजिनखान्यात दोघं मावत नाहीत," त्याचा आवाज भरून आला होता.

"मी फार जागा घेत नाही."

त्याने हात पुढे केला. नखांत अजून काळं तेल होतं. काबुघोने आधी एकच बोट धरलं, मग सगळा हात. तो गार होता, तिचाही गारच होता. ऊब यायला जरा वेळ लागला.

"मासेरेका!" झाडाखालून हाक आली. "अरे, कुठं मेलास? पाय गारठले माझे!"

"आलो, आई!" दोघं एकदमच म्हणाली.

हाक एकट्याला होती. काबुघोने जीभ चावली, पण आता तोंडातून गेलं ते गेलं.

"एवढं ओरडायला काय झालं?" आईंचा आवाज आला. ओला, आणि तरीही खणखणीत. "या लवकर. दोघंही या."